त्या चौदा हजारात मह्यं नाव हाय का?

जुलै २०२५ मधली गोष्ट. आरोग्यमंत्री प्रकाश आबिटकर यांनी विधिमंडळात माहिती दिली की हिंगोली जिल्ह्यात संजीवनी अभियानात २ लाख ९२ हजार ९९६ महिलांकडून प्रश्नावली भरून घेतली आणि त्यातल्या १४,५४२ जणींमध्ये कॅन्सरसारखी लक्षणं आढळली. मीही घाईघाईत पोस्ट टाकली, 'हिंगोलीत १४ हजार महिलांना कॅन्सर?' शेवटी प्रश्नचिन्ह टाकलं की आपण सुटलो, असं आम्हा पत्रकारांना वाटतं.

नंतर जवळा बाजारच्या आठवडी बाजारात भाजीवाल्या मावशींनी गाठलं. "भाऊ, त्या चौदा हजारात मह्यं नाव हाय का? आशाताई कागद भरून नेली व्हती."

माझ्याकडं उत्तर नव्हतं. त्याच बातमीत खाली होतं की तोवर पक्कं निदान झालेल्या रुग्णांत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तीन, स्तनाची एक आणि तोंडाच्या कॅन्सरचे आठ. मी वाचलं होतं. पोस्टमध्ये घेतलं नाही, कारण तीन म्हटलं की कोण वाचणार?

मावशींच्या भीतीला कारण होतं. त्यांच्या जावेची पिशवी बत्तिसाव्या वर्षी काढली. अंगावरून पांढरं जायचं, एका खाजगी डॉक्टरनं सांगितलं, "ठेवली तर कॅन्सर होईल." कसली तपासणी नाही. शेळ्या विकून ऑपरेशन केलं. मराठवाड्यात अशी घरं शोधायला लांब जावं लागत नाही.

म्हणून हा रोग होतो कसा, हे नीट सांगतो. गर्भाशयमुखाच्या जवळजवळ सगळ्या कॅन्सरच्या मुळाशी एचपीव्ही नावाचा विषाणू असतो. जर्मनीच्या हॅराल्ड त्सूर हाउझेन यांनी १९८३-८४ मध्ये त्याचे १६ आणि १८ नंबरचे प्रकार गाठीत शोधले, २००८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. विषाणू शारीरिक संबंधातून येतो, पण इतका सर्रास आहे की संसार करणाऱ्या बहुतेकांना कधी ना कधी होऊन जातो. त्यावरून कुणाच्या चालचलणुकीवर बोलायचं कारण नाही. बहुतेक बायकांचं शरीर त्याला वर्ष-दोन वर्षांत हाकलून देतं. काहींच्यात तो मुक्काम ठोकतो. पेशीनं बेलगाम वाढू नये म्हणून तिच्यात ब्रेकसारखी दोन प्रथिनं असतात, पी-५३ आणि आरबी. विषाणूची ई-६ आणि ई-७ ही प्रथिनं नेमके हेच दोन ब्रेक निकामी करतात. तरी कॅन्सर व्हायला दहा-वीस वर्षं लागतात. म्हणजे पकडायला वेळ भरपूर आहे, पकडणारं पाहिजे.

आणि हे पकडता येतं, याचा मोठा पुरावा आपल्याच मराठवाड्यातून गेलाय. १९९९ मध्ये, म्हणजे आपला जिल्हा परभणीतून वेगळा झाला त्याच वर्षी, उस्मानाबाद जिल्ह्यात एक अभ्यास सुरू झाला. बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलचे डॉ. भगवान नेने, टाटा मेमोरियलचे डॉ. सुरेंद्र शास्त्री, फ्रान्समधल्या संस्थेचे डॉ. शंकरनारायणन. ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांवर बायका, गावांचे ५२ गट. काहींची एचपीव्ही चाचणी, काहींची पॅप, काहींची व्हिनेगर लावून डोळ्यांनी तपासणी, तीही एकदाच. आठ वर्षांत एचपीव्ही चाचणीच्या गटात या कॅन्सरनं ३४ मृत्यू, काहीच तपासणी न झालेल्या गटात ६४. एका चाचणीनं मृत्यू जवळपास निम्म्यावर. २००९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नलमध्ये ते छापून आलं, जगभर गाजलं.

त्या तपासणी न झालेल्या गटात साधारण ३१ हजार बायका होत्या. त्यांना माहिती दिली, चाचणी दिली नाही. यावर नंतर बरीच टीका झाली आणि ती मला रास्त वाटते. शेवटी त्या आपल्याच आयाबहिणी.

आपल्याकडं सरकारी केंद्रात अजून मुख्यतः व्हिनेगरचीच तपासणी. उस्मानाबादच्या अभ्यासात तिनं मृत्यू ठळकपणे कमी झाले नव्हते, मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या दुसऱ्या अभ्यासात मात्र दर दोन वर्षांनी केल्यावर ३१ टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे ती निरुपयोगी नाही, पण एकदा करून विसरायची नाही. माझ्या मते ज्या जिल्ह्यानं पावणेतीन लाखांवर कागद भरून घेतले, त्यानं आता एचपीव्ही चाचणी मागायला हवी.

मी ती पोस्ट दुरुस्त केली. मूळ पोस्ट पाचशेंनी शेअर केली होती, दुरुस्ती अकरा जणांनी.

मावशींना म्हटलं, यादीचं सोडा, तपासून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. त्या म्हणाल्या, "पाच मिंटाचं हाय, पर जायला यायला दिवस जातो. हितं भाजी कोण इकील?" पुढच्या आठवड्यात सुनेला पालावर बसवून गेल्या. काही निघालं नाही. जावेला घेऊन जाणार होत्या, पण तिची पिशवीच नाही.

त्या १४,५४२ पैकी किती जणींची पुढची तपासणी पूर्ण झाली, किती वाटेतच गळाल्या, हे मी आरोग्य विभागाला लेखी विचारलंय. उत्तर आलं की इथंच टाकतो, आणि यावेळी खालची ओळसुद्धा.