एका दाराचा खर्च

चतुर्थीच्या आधीच्या शुक्रवारी म्हापशाच्या बाजारातून माटोळीचे सामान घेऊन आम्ही मांद्रे गावी परतलो आणि अंगणात नारळ उतरवताना नेहमीचा प्रश्न निघाला. आमच्या जुन्या नॅनोला मागे दार नाही; मागच्या आसनाची पाठ पाडून सामान आतूनच ओढावे लागते. "एक दार ठेवले असते तर काय बिघडले असते?" आम्ही पुतण्याला विचारले. तो पुण्यास मोटारींच्या आराखड्याचे काम करतो.

उत्तरादाखल त्याने माजघराच्या भिंतीकडे बोट केले. त्या चिऱ्यांच्या भिंतीत आम्ही हट्टाने खिडकी पाडली होती. खिडकी स्वस्तच पडली. परंतु वरचा भार तोलायला तुळई आली, तुळईसाठी छपराचे एक पाखे उतरवावे लागले, कौले फुटली आणि पावसाळा घरात आला. ठरलेला आकडा आणि दिलेला आकडा यांची आजवर भेट झालेली नाही.

"मागचा बंद पत्रा हीसुद्धा भिंतच, काका. ती कापली की सांगाड्याचा ताठपणा जातो. तो परत आणायचा म्हणजे जादा पत्रा, म्हणजे वजन. शिवाय बिजागऱ्या, कुलूप, पाणी अडवणारी रबरी पट्टी. यातला प्रत्येक भाग कोणीतरी घडवायचा, तपासायचा, वर्षानुवर्षे साठवायचा. मागणीच्या यादीत मात्र ओळ एकच, ‘मागे दार’!"

पावसात स्कूटरवरून जाणारे चौघांचे कुटुंब पाहून रतन टाटांना ही मोटार सुचली. जानेवारी २००८ मध्ये ती दिल्लीस लोकांपुढे आली. येथे किंमत आधी ठरली, एक लाख रुपये, मोटार मागाहून. गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखालील अभियंत्यांनी मग एकेक ओळ खोडली. वायपर एकच, चाकाला नट तीनच, साध्या गाडीत आरसा फक्त चालकाच्या बाजूस. आम्हांस जी कंजुषी वाटे, ती शिस्त होती. तरीही आमचे मत असे की, थोडे अधिकच खोडले गेले. मोटार घेणाऱ्याला पावसापासून आडोसा हवा असतो, तसा चारचौघांत मानही. मागचे दार अखेर २०१५ च्या नव्या नॅनोत आले. तोवर किंमत दोन लाखांच्या घरात पोहोचली होती. सारी वाढ काही दाराची नव्हे. २०१८ मध्ये तिचे उत्पादनच थांबले.

आता पडवीत एक मोरी काढावी, अशी सूचना घरातूनच आली आहे. "छोटीशीच", असेही सांगण्यात आले. पुतण्या आणखी दोन दिवस आहे. गवंड्याला निरोप धाडण्यापूर्वी त्या मोरीमागून काय काय येईल, ते त्याच्याकडून लिहून घ्यायचे आहे.