तंबोऱ्याची निवड

जुन्या तंबोऱ्याचा भोपळा तडकल्यामुळे नव्या वाद्याची तजवीज करणे प्राप्त झाले आणि रहिमतपुराच्या स्टेशनातून मिरजेची आगगाडी सुटत असता अन्यत्र चौकशी करण्याचे मला प्रयोजन दिसले नाही. कलकत्त्याच्या हिरेन रॉय यांची सतार विलायत खाँसाहेबांच्या हाती गाजली हे खरेच. पण तंबोऱ्याचा विषय निघाला की गवई मिरजेचेच नाव घेतो, आणि १९३७ साली निवर्तलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांचे वास्तव्यही तिथलेच.

अडचण वेगळीच आहे. मूळचा शिकलगारीचा, म्हणजे हत्यारांना धार लावण्याचा, हुन्नर सोडून फरीदसाहेब या कारागिराच्या काळापासून वाद्यांकडे वळलेल्या मिरजेतल्या घराण्यांच्या दुकानांवर सतारमेकर हीच पाटी वारंवार दिसते, तेव्हा तुलना नावांची न करता नादाची करावी लागते. पंढरपूर भागातला भोपळा, तुणीचे लाकूड, खुंट्यांची पकड ही सामग्री सर्वत्र जवळपास सारखी. हस्तिदंती दिसणारे नक्षीकाम किंमत वाढवते, स्वर नव्हे. खरा फरक जवारीत. घोडीचा पृष्ठभाग घासून तारेला किती अंतर स्पर्श द्यावा, हा निर्णय सर्वस्वी कारागिराच्या कानाचा, आणि एकाच हातचे दोन तंबोरेही त्यामुळे सारखे बोलत नाहीत.

२०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा मला अभिमान आहे. तथापि ती सनद गावाची, वाद्याची नव्हे. म्हणून खरेदीला जाणाऱ्याने आपली पट्टी निश्चित करून जावे, तंबोरा जुळवून स्वतः षड्ज लावून पाहावा, आणि मगच बयाना द्यावा.