पिस्टनवरची काजळी

यंत्र बिघडते ते नेहमी काही मोडल्यामुळेच असे नाही. पुष्कळदा ते साचल्यामुळे बिघडते. दोन-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलबरोबर ऑइलही जळते. जे पुरते जळत नाही, त्याची काजळी पिस्टनच्या माथ्यावर, हेडच्या आत आणि धूर बाहेर पडण्याच्या वाटेवर थराथराने बसते. मग गाडीला चढावर दम लागतो आणि किक मारून पाय थकतो.

माझ्या जुन्या स्कूटरची हीच गत झाली, तेव्हा उन्हाळी सुट्टीत घराच्या अंगणातच इंजिन खोलायचे ठरविले. मदतीला आपल्याच शाळेचा एक माजी विद्यार्थी आला. आयटीआय करून आज तो स्वतःचे गॅरेज चालवितो. त्या दिवशी शिकविणारा तो होता आणि शिकणारा मी.

हेड आणि सिलिंडर उतरविल्यावर त्याने इंजिनाच्या उघड्या तोंडात आधी स्वच्छ फडके कोंबले, म्हणजे बारीक भाग किंवा काजळीचा कण आत पडू नये. पिस्टन काढून रॉकेलमध्ये भिजत ठेवला. पोलादी पात्याने खरवडू का, असे मी विचारले. "नको सर, ॲल्युमिनियम मऊ असतं. ओरखडा पडला की काजळी तिथंच आधी धरते," असे म्हणून त्याने बांबूची चीप तासून माझ्या हाती दिली. रिंगांच्या खाचा मात्र मोडक्या रिंगेच्या तुकड्याने कोरल्या. मग खाचेतील बारीक खिळीशी रिंगेची तोंडे जुळविली आणि माथ्यावरचा बाण सायलेन्सरच्या बाजूला करून पिस्टन बसविला.

इतिहासाच्या तासाला मी औद्योगिक क्रांती शिकवितो. १७१२ साली वाफेवर चालणारे पंपयंत्र उभारणारा न्यूकॉमेन लोखंडी सामानाचा धंदा करीत असे. जेम्स वॅट ग्लासगो विद्यापीठात उपकरणे बनवीत आणि दुरुस्त करीत असे. आपल्याकडे मात्र ज्यांच्या हाती अवजार होते, त्यांच्या हाती अक्षर पडू दिले गेले नाही. कामाबरोबर माणसांचीही उतरंड रचणाऱ्या या व्यवस्थेवर बाबासाहेबांनी १९३६ साली 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये नेमके बोट ठेवले.

त्या उतरंडीची काजळी आपल्याही मनावर बसली आहे. या स्मरणिकेच्या माहितीपत्रकात याच विद्यार्थ्याने 'व्यवसाय' हा रकाना कोरा ठेवला होता. कारण विचारले, तर म्हणाला, "सर, यादीत सगळे साहेब लोक आहेत. मी काय लिहू?"

जन्माने लादलेले काम झुगारणे हा आपला लढा होता आणि आजही आहे. परंतु शिकून, स्वतः निवडून मिळविलेले कसब ही त्याच लढ्याची कमाई आहे. ज्या मुलामुलींचा ओढा यंत्राकडे आहे, त्यांच्या पालकांनी आयटीआयच्या वाटेला कमी लेखू नये, एवढीच नम्र विनंती.

त्या विद्यार्थ्याच्या नावापुढे आता 'मोटार मेकॅनिक' असे छापले आहे. तो शब्द त्याने स्वतःच लिहून दिला.