स्वस्त रंगाचा हिशेब

पहिली गाडी घेतली, तीही सेकंडहँड. पूर्ण रंगकाम परवडेना, म्हणून बॉनेट आणि 2 दरवाजे मूळ रंगातच करून घेतले. रंग बदलला असता तर आरसीवर नोंद करायला आरटीओची फेरी पडली असती.

घिसाई, पुटी, प्रायमर, मग पीयू रंग. पेंटर पोरगा तोंडाला रुमाल बांधून स्प्रे मारत होता. हार्डनरमधल्या आयसोसायनेटमुळे दमा जडू शकतो, रुमालाने ते अडत नाही. 3-4 पोरांच्या अशा गॅरेजात आमच्याकडे तपासणीला कोणी फिरकत नाही.

आपण भाव पाडतो तेव्हा पहिली कात्री पोरांच्या मास्कवर लागते. मित्रांनो, घासाघीस जरूर करा. पण निदान फिल्टरचा मास्क घातल्याशिवाय स्प्रे नको, हेही त्याच बोलीत ठरवा.