२९ इंची वेड

सायकलीचं चाक मोठं असलं की काय होतं, ते आधी सांगून टाकतो, नाहीतर मला चैन पडणार नाही. मेहकरच्या आसपासची कुठलीही पांदण धरा. बंड्यांनी आणि ट्रॅक्टरांनी पाडलेल्या दोन खोल चाकोऱ्या, मधे गवत, गवतात लपलेले गोटे आणि दोन्ही अंगांनी बाभळी. साध्या सायकलीवर इथे माणूस खाली उतरतो, हँडल धरून चालू लागतो आणि दोन शिव्या हासडून डांबरीकडे वळतो. माझी नवी सायकल गोट्यावर चढली, पलीकडे उतरली आणि निघाली पुढे. मी फक्त पॅडल मारत होतो! मुठीएवढा गोटा येत होता, चाकाखाली जात होता, आणि मी वर बसून ओरडत होतो. धुऱ्यावर चरणाऱ्या दोन म्हशींखेरीज ऐकायला कोणी नव्हतं, हे बरंच झालं.

माउंटन बाइकची चाकं वर्षानुवर्षं २६ इंची असायची. माझ्या सायकलीची २९ इंची आहेत. सव्वादोन इंच रुंदीचा टायर धरला तर दोन्हींच्या उंचीतला फरक जेमतेम सहा सेंटीमीटरचा. एका फेऱ्यात लहान चाक २.१ मीटर पुढे जातं, मोठं २.३ मीटर. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो. पण मोठं चाक गोट्याला थोड्या वरच्या बाजूनं भिडतं, त्यामुळे धक्का कमी आणि चढणं सोपं. खड्ड्यात ते कमी बुडतं. जमिनीवर त्याचा टेकलेला पट्टा लांबट असतो, म्हणून मुरुमाच्या उतारावर ते सहसा भरकटत नाही. शिवाय एकदा वेग धरला की सोडत नाही. दर गोट्याला हा एवढासा फायदा मिळतो, आणि पांदणीला गोट्यांची काय कमी!

आता खरी गंमत. पहिल्यांदा हवा भरायला मी आमच्या नेहमीच्या सायकल मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी चाकाकडे पाहिलं आणि विचारलं, "याची वॉलट्यूब कुठी हाये?" वॉलट्यूब नव्हतीच. बारीक, लांब, तोंडाशी इवलीशी चकती असलेला परदेशी धाटणीचा व्हॉल्व्ह. ती चकती बोटानं सैल करायची, बोंडशीएवढा पितळी अडॅप्टर बसवायचा, मग कुठे पंप लागतो. तो अडॅप्टर आता किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवला आहे, घराची किल्ली एक वेळ हरवेल, तो नाही. हवा भरता भरता मिस्त्रींनी टायरच्या कडेवरचा आकडा वाचला: ५७-६२२. शेजारी दूधवाल्याची काळी सायकल दुरुस्तीला उलटी उभी होती. तिच्या टायरवर आकडा होता ४०-६३५. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा टायर रिमवर जिथे बसतो तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. म्हणजे दूधवाल्याचं रिम माझ्या नव्याकोऱ्या परदेशी धर्तीच्या रिमपेक्षा १३ मिलिमीटरनं मोठं! आपल्या आज्यांची, पोस्टमनची, शाळामास्तरांची २८ इंची काळी सायकल रिमच्या मापात कधीच या २९ इंचीच्या पुढे होती. २९ चा आकडा येतो तो जाड टायरामुळे: ६२२ मध्ये दोन्ही बाजूंचे ५७ मिळवा, ७३६ मिलिमीटर होतात, म्हणजे बरोबर २९ इंच. मिस्त्री हसले. "म्हंजे जुनाच माल हाये, टायर जाड केला फक्त." (एक सूचना: म्हणून काळ्या सायकलीचा टायर यावर बसवायला जाऊ नका. १३ मिलिमीटर ढिला टायर म्हणजे दात पडण्याची सोय.)

मग हे माउंटन बाइकवाले २६ इंचावर अडकले तरी कशाला? याचं उत्तर वाचलं आणि मी अंथरुणात उठून बसलो. कॅलिफोर्नियात सत्तरच्या दशकात काही पोरांनी भंगारातल्या जाड टायरच्या जुन्या सायकली डोंगरावर नेल्या आणि धडाधड खाली सोडल्या. २१ ऑक्टोबर १९७६ ला त्यांनी पहिली 'रिपॅक' शर्यत लावली. नाव रिपॅक, कारण उतरताना मागच्या चाकाच्या हबमधला ब्रेक इतका तापायचा की त्यातलं ग्रीस जळून जायचं आणि खाली आल्यावर नव्यानं भरावं लागायचं. त्या जुन्या सायकलींची चाकं २६ इंची होती, बस्स! भंगारात जे मिळालं, तेच जगाचं माप झालं. त्याच मंडळींतल्या गॅरी फिशरच्या नावाच्या सायकली पुढे २००० नंतरच्या वर्षांत २९ इंची चाकांवर बाजारात आल्या. तोवर तशा रिमसाठी धड जाड टायरच मिळत नव्हता, तो १९९९ मध्ये आला. लोक हसले. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये चेक प्रजासत्ताकाच्या यारोस्लाव्ह कुल्हावीनं २९ इंची चाकांवर सुवर्णपदक मारलं, तेही नीनो शुर्टरला अवघ्या एका सेकंदानं मागे टाकून. हसणं थांबलं.

आता साहित्याचं. दुकानात पोरं ज्या सायकलींकडे धावतात, मधे भलीमोठी स्प्रिंग लावलेल्या, त्या घेऊ नका. ती स्प्रिंग तुमचा निम्मा जोर गिळते आणि वजन वाढवते. पुढे साधा फोर्क, मागे काही नाही, एवढं पुरे. पुढे एकच चेनव्हील, मागे मोठ्या चकतीचे गिअर. पुढचा डिरेलर गेला की निम्मी कटकट गेली. ब्रेक डिस्कचेच हवेत, कारण आपली काळी माती. रिमला धरणारा ब्रेक चिखलात निकामी होतो. तेलावर चालणारे हायड्रॉलिक ब्रेक झकास असतात, मान्य, पण मी तारेचे घेतले. तार तुटली तर मेहकरात मिळते.

आणि सगळ्यांत मोठी गोष्ट: ट्यूब काढून टाका! विदर्भात सायकल चालवायची तर दोन शत्रू, बाभळीचा काटा आणि सराटे. ट्यूबलेस टायरमध्ये रबराच्या चिकाचं पांढरं औषध ओततात, त्याला सीलंट म्हणतात. नदीकडच्या वाटेवर बाभळीचा बोटभर काटा माझ्या मागच्या टायरात घुसला. काढला. फुस्स करून पांढरा फवारा उडाला, पायजम्यावर ठिपके पडले. चाक फिरवून भोक खाली आणलं. फवाऱ्याचे बुडबुडे झाले, बुडबुड्यांचा एक थेंब झाला आणि थेंब घट्ट झाला. संपलं पंक्चर! ना पाना, ना पाण्याचं घमेलं, ना पॅच. मी तिथेच बसून पुन्हा पुन्हा ते भोक शोधत होतो आणि सापडत नव्हतं. शिवाय ट्यूब नसल्यानं हवा कमी ठेवता येते. मी २५ पीएसआयच्या आसपास ठेवतो, टायर गोट्याचा आकार घेतो आणि हाताची कोपरं शाबूत राहतात. आपल्या उन्हाळ्यात मात्र ते औषध लवकर सुकतं, दर दोन-तीन महिन्यांनी ओतावं लागतं.

आणि मग मेहकर! बालाजीच्या देवळापासून पैनगंगेकडे उतरलं की पुलानं पलीकडे जाणं एवढंच मला माहीत होतं. आता काठाच्या पांदणी, वावरांच्या कडा, धुरे, सगळीकडे जाता येतं. समृद्धी महामार्गावर सायकलच काय, मोटरसायकललाही बंदी आहे. मोटारी वरून १२० च्या वेगानं जातात, आणि आपण त्यांच्या खालच्या बोगद्यातून बंड्यांच्या मागे, सोयाबीनच्या पोत्यांच्या मागे, अगदी निवांत. लोणार तर अंगणात आल्यासारखं झालं आहे. सुलतानपूरमार्गे जा. विवराचा काठ आजूबाजूच्या जमिनीपेक्षा सुमारे २० मीटर उंच आहे, हे पुस्तकात वाचलेलं होतं. आकाशातून आदळलेल्या दगडानं बसाल्ट उपसून बाहेर फेकला आणि कड वर उचलली, त्याची ही उंची. एसटीत बसून कधीच कळली नव्हती. सायकलवर मांड्यांना कळते! गिअर एकेक सोडत तुम्ही त्या उल्केनं केलेल्या चढावर चढत असता. वर पोहोचलो, सरोवर पाहिलं, आणि पाहण्याआधी मांड्या चोळल्या. खाली विवरात सायकल नेऊ नये, अभयारण्य आहे ते.

तक्रारी आहेत. गर्दीत थांबून निघताना ती जड वाटते. बाजारच्या दिवशी अरुंद गल्लीत वळवताना हत्तीचं पिल्लू फिरवतोय असं होतं. बुटक्या माणसानं आधी दुकानात टांग टाकून पाहावी. पावसात काळ्या वावरात उतरूच नये, चिखल टायर आणि फोर्क यांच्यात असा बसतो की चाक फिरायचं बंद. आणि किंमत. पांदणीवर भेटणारा प्रत्येक जण तेच विचारतो. सांगितली की ठरलेलं उत्तर येतं, "येवढ्यात तं जुनी मोटरसायकल आली असती नं भाऊ!" आली असती. पण तिला पेट्रोल लागलं असतं आणि म्हशी उधळल्या असत्या.

परवा मिस्त्रींनीच हँडल माझ्या हातातून घेतलं, म्हणाले एक चक्कर मारतो. साठी उलटलेला माणूस, धोतर खोचून टांग टाकली आणि नदीकडच्या पांदणीनं दिसेनासा झाला. मी दुकान सांभाळत बसलो, दोन गिऱ्हाइकांना हवाही भरून दिली. बऱ्याच वेळानं परतले, धोतराच्या काठापर्यंत धूळ. उतरले, सायकल स्टँड नसल्यामुळे भिंतीला टेकवली, मागच्या चाकाला हलका हात मारून फिरवलं आणि डोळा बारीक करून आउट बघितला.

"स्टँड लावून घे," ते म्हणाले. "अन् मागं कॅरिअर लाव. बाकी मस्त हाये. दूध घालाले चालंल."