दारांमधली जागा

गिरणीत उजेड उत्तरेकडून यायचा. साचेखात्याचं छप्पर करवती. प्रत्येक दात्याची उभी बाजू काचेची आणि तिचं तोंड उत्तरेला. उन्हाची तिरीप आत येऊ नये, पण दिवसभर एकसारखा, सावली न पाडणारा प्रकाश साच्यांवर राहावा, अशी ती रचना. तुटलेलं सूत क्षणात दिसलं पाहिजे. हवेत ओलही टिकली पाहिजे, कारण कोरडा धागा पटकन तुटतो. म्हणून खिडक्या बंद, आणि त्या दमट उबेत कापसाचे तंतू माणसांच्या छातीत उतरत राहायचे. धाग्याचा इतका बारीक विचार करणारी ती इमारत मला फार सुंदर वाटत आली आहे, आणि त्या सुंदरपणाची टोचणीही कधी गेलेली नाही.

धाग्याची अशी बडदास्त ठेवणाऱ्या गिरणीने माणसांना कुठे ठेवलं, याचं उत्तर तिच्या भिंतीबाहेर मिळायचं. माझे मामा साताऱ्याकडच्या डोंगरातून मुंबईत आले आणि गावाच्या खोलीत राहिले. दहा बाय बाराची खोली, भाडं गावातल्या सगळ्यांनी मिळून भरायचं. ट्रंका फळीवर, वळकट्या कोपऱ्यात. दिवसपाळीची माणसं उठून गेली की रातपाळीवरून आलेली त्याच जागी आडवी व्हायची. जेवण खानावळीत. खानावळ म्हणजे बहुधा एखाद्या कामगाराच्याच बायकोची चूल. पगार झाला की पैसे, तोवर उधारी. याच खानावळवाल्या बायकांना सावकाराच्या हातून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. आणि याच वस्तीत गंगाराम सुर्वे नावाच्या गिरणी कामगाराने रस्त्यावर सापडलेलं तान्हं पोर घरी नेलं, त्याला आपलं नाव दिलं. ते पोर पुढे कवी नारायण सुर्वे झालं.

घर एवढंसं, म्हणून जगणं दाराबाहेर. गॅलरी, जिना, नळ, गल्ली, व्यायामशाळा, भजनी मंडळ. बाळंतिणीला उठून बसवणारे हात शेजारच्या खोलीतले असायचे. परीक्षेचा अभ्यास जिन्यातल्या दिव्याखाली व्हायचा. त्या खोल्यांचं गुणगान मला करायचं नाही. संडासापुढची रांग, पुरुषांच्या गर्दीत स्वतःसाठी हातभर आडोसा न मिळालेल्या बायका, पावसात गळणारी कौलं हेही त्याच चाळीतलं. पण खोलीत जे मावत नव्हतं ते सगळं गॅलरी सामावून घ्यायची, हे खरं.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. कामगार नेते दत्ता सामंतांच्या मागे सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. घराघरांत तो वेगवेगळ्या दिवशी संपला. कुणी गावची गाडी धरली, कुणी भाजीची पाटी घेतली, कुणाच्या मुलीची शाळा सुटली. मामा रात्रीचे वॉचमन झाले. पुढे गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या. भोंगे थांबले. करवती छपरांच्या काचा फुटल्या, धुराड्यांच्या विटांत पिंपळ रुजले, आणि लोकलच्या दारात उभे असणारे लोक त्या सगळ्याला पडीक जागा म्हणू लागले. त्याच आवारांतल्या चाळींमध्ये मात्र दिवे लागत होते, कपडे वाळत होते, मुलं मोठी होत होती. मुंबईच्या मधोमध सुमारे ६०० एकर जमीन अशी पडून होती, आणि तिचं काय करायचं हे ठरवणाऱ्यांना हे दिवे दिसले नाहीत.

एकदा दिसतील अशी आशा होती. १९९१ च्या विकास नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम आला. गिरणीची जमीन पुन्हा वापरात आणायची तर तिचे ढोबळमानाने तीन वाटे: एक महापालिकेला, मोकळ्या मैदानांसाठी, एक म्हाडाला, परवडणाऱ्या घरांसाठी, एक मालकाला. मी जेव्हा जेव्हा त्या नियमाचा विचार करते, तेव्हा मला एक न वसलेलं शहर दिसतं. परळमध्ये दोनशे एकर मैदानं आणि झाडी, दोनशे एकरांवर कामगारांची, कारकुनांची, शिक्षकांची घरं. १९९६ मध्ये वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या समितीने राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांचा एकत्र आराखडा मांडला. परळ आणि एल्फिन्स्टन रोड स्थानकांभोवती पायी चालणाऱ्यांसाठी जागा मोकळी करण्याचा विचार त्यात होता. तो कागदावरच राहिला. २००१ मध्ये नियमच बदलला: वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची. ज्या जमिनीवर शेड उभ्या होत्या, म्हणजे जवळजवळ सगळी, ती वाटणीतून सुटली. २००५ मध्ये उच्च न्यायालयाने लोकांच्या बाजूने निकाल दिला. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बदललेला नियमच कायम केला. ते शहर तिथे संपलं.

२९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी पाऊस पडत होता. एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसं गेली. त्यांतली कितीतरी याच भागातल्या काचेच्या कचेऱ्यांकडे निघालेली असणार. त्या दिवशी मला राहून राहून कोरिया समितीचा आराखडा आठवत होता. जागा नव्हती असं नाही. शेजारीच होती, एकरांनी होती.

जुनी इमारत आणि नवी वस्ती यांचं वैर असतंच असं नाही. व्हिएन्नामध्ये १८९६ ते १८९९ या काळात बांधलेल्या चार प्रचंड विटकरी गॅसटाक्या १९८४ मध्ये बंद पडल्या. तिथल्या लोकांनी विटांच्या गोल भिंती ठेवल्या, आतलं पोट रिकामं केलं आणि २००१ पर्यंत तिथे सहाशेंहून अधिक घरं वसवली. विद्यार्थ्यांचं वसतिगृह, दुकानं, कार्यक्रमांचा मोठा हॉल, सगळं त्या गोलांच्या आत. आपल्या करवती छपरांखाली शाळा भरू शकली असती. चित्रं काढायला, शिवणकाम करायला, वाचायला उत्तरेच्या उजेडासारखा उजेड नाही. फिनिक्स गिरणीचं धुराडं मॉलच्या गर्दीत अजून उभं आहे, लोक त्याच्यापाशी फोटो काढतात. धुराडं राखलं याचा मला आनंद आहे. पण त्याच्या पायथ्याशी राबलेल्या माणसाला तिथे बसायला बाक मिळाला असता तर तो आनंद पुरा झाला असता.

तरी घरं मिळाली, आणि ती सहज मिळालेली नाहीत. दत्ता इस्वलकरांसारख्या माणसांनी बंद गिरण्यांच्या कामगारांना घेऊन वर्षानुवर्षं मोर्चे काढले, उपोषणं केली, तेव्हा कुठे म्हाडाच्या वाट्याच्या तुकड्यांवर इमारती उभ्या राहिल्या. २०१२ च्या सोडतीत ६,९२५ घरं निघाली. २०२० मध्ये बॉम्बे डाइंग आणि श्रीनिवास गिरण्यांच्या जमिनीवरची ३,८९४. अर्ज करणारे दीड लाखांच्या घरात. बाकीच्यांना शेलू-वांगणीची वाट दाखवली गेली, आणि २०२५ च्या जुलैत सत्तरी-ऐंशीतले कामगार व त्यांचे वारस आझाद मैदानात पुन्हा उभे राहिले, घर मुंबईतच हवं म्हणून. ती मागणी मला पूर्ण न्याय्य वाटते. ज्या भूमीची किंमत यांच्या घामाने वाढली, तिथून यांनाच दीड-दोन तास लांब पाठवायचं, याला पुनर्विकास म्हणायला माझी जीभ धजत नाही.

मामींना सोडतीत घर लागलं. मामा तोवर गेलेले. किल्ली त्यांनी एकटीने घेतली आणि दारावर मामांच्या नावाची पाटी लावली. २२५ चौरस फूट, आत स्वतःचं न्हाणीघर, चोवीस तास नाही पण नेमाने येणारं पाणी, खिडकीतून दूरवरची खाडी. आयुष्यात पहिल्यांदा आपण कडी लावून अंघोळ केली, असं त्या म्हणाल्या, आणि त्या वाक्याचं मोल मी कमी होऊ देणार नाही. मग थांबून म्हणाल्या, “पण अगं, दार उघडलं की समोर भिंतच. माणूस दिसायला लिफ्ट यावी लागते.”

नकाशा काढणाऱ्याने खोल्या मोजल्या, स्वयंपाकाचा ओटा मोजला, माणशी लिटर पाणी मोजलं. दोन दारांमधली जागा मात्र त्याने फक्त येण्याजाण्यापुरती ठेवली. चाळ पाडताना गॅलरीही पडते, आणि नव्या आराखड्यात तिचा हिशेब कुठल्याच रकान्यात नसतो. बीडीडी चाळींच्या जागी आता टॉवर येत आहेत. १६० चौरस फुटांच्या खोलीतली माणसं ५०० चौरस फुटांत जात आहेत, आणि जायलाच हवीत. वास्तुविशारदांना एवढंच सांगावंसं वाटतं की दर मजल्यावर एक उघडा, वाऱ्याचा, चार खाटा मावतील असा सज्जा काढा. तो विकता येणार नाही, पण तिथे म्हातारी माणसं बसतील.

मामींच्या इमारतीत बायकांनी वाट पाहिली नाही. बाराव्या मजल्यावर लिफ्टसमोर त्यांनी दोन खुर्च्या आणून ठेवल्या, मग एक सतरंजी आली, आणि मंगळवारचं भजन सुरू झालं. सोसायटीने वाट अडते म्हणून नोटीस लावली. नोटीस रास्त आहे, आग लागली तर वाट मोकळी हवीच. म्हणून मामींनी उलट अर्ज दिला आहे: तळमजल्यावर पार्किंगमधल्या दोन गाड्यांची जागा भजनाला आणि मुलांच्या अभ्यासाला द्या. अर्जाखाली एकवीस बायकांच्या सह्या आहेत, तीन अंगठे आहेत. येत्या सर्वसाधारण सभेत तो सातव्या क्रमांकाचा विषय आहे, आणि मामी म्हणतात, सातवा विषय येईपर्यंत एकीनेही उठायचं नाही.