जुन्या सर्व्हरची हजेरी

नवा मोबाईल आपण खोक्यातून काढतो, चालू करतो आणि वापरायला लागतो. आतले सगळे भाग जागेवर आहेत का, ते एकमेकांना ओळखतात का, हे प्रश्न आपल्या मनातही येत नाहीत. पंधरा वर्षं कुठल्यातरी कार्यालयात राबून आलेल्या सर्व्हरला मात्र हे प्रश्न विचारावेच लागतात. आणि तो सर्व्हर फायरवॉल म्हणून बसवायचा असेल, तर दोनदा विचारावे लागतात.

फायरवॉल म्हणजे मूळचा बांधकामातला शब्द. एका खोलीतली आग दुसऱ्या खोलीत पसरू नये म्हणून बांधलेली जाड भिंत. संगणकाच्या दुनियेत ही भिंत इंटरनेट आणि आपली यंत्रं यांच्यामध्ये उभी असते. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक निरोपाकडे बघते आणि कोणाला आत सोडायचं, कोणाला नाही, ते ठरवते. मला भिंतीपेक्षा सोसायटीच्या फाटकावरचा पहारेकरी हीच उपमा जवळची वाटते. पहारेकऱ्याला एका डोळ्यानं दिसत नसेल, तर ते कामावर ठेवण्याआधी कळलेलं बरं.

बडोद्यात दांडिया बाजाराच्या बाजूला एका ट्रस्टची अभ्यासिका आहे. चौदा संगणक, मागच्या खोलीत एक छोटं कार्यालय आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं-मुली. एका कार्यालयानं जागा बदलताना आपला जुना सर्व्हर त्यांना देऊन टाकला. नवी फायरवॉल घ्यायला पैसे नव्हते, म्हणून याचीच फायरवॉल करायची असं ठरलं. कारण साधं होतं. कार्यालयाच्या संगणकावर सगळ्या सभासदांच्या आधार कार्डांच्या प्रती, फोन नंबर आणि फीच्या पावत्या होत्या, आणि अभ्यासिकेच्या वायफायवर रोज कोणाकोणाचे फोन जोडले जात होते. हे दोन्ही एकाच तारेवर होतं. ते वेगळं करायचं होतं.

यासाठी फुकट मिळणाऱ्या चांगल्या प्रणाली आहेत. पीएफसेन्स ही त्यातली एक, आणि 2015 साली तिच्यातूनच फुटून निघालेली ओपीएनसेन्स ही दुसरी. दोन्ही फ्रीबीएसडीवर चालतात. जुन्या यंत्राच्या बाबतीत आधी एक गोष्ट बघायची असते, प्रोसेसर 64 बिटांचा आहे की 32. ऑक्टोबर 2017 मध्ये पीएफसेन्सची 2.4 आवृत्ती आली आणि तिनं 32 बिटांच्या यंत्रांना रामराम केला. आमचा सर्व्हर 64 बिटांचा निघाला, तेव्हा पुढे जायला हरकत नव्हती.

मदतीला अभ्यासिकेतलीच एक मुलगी होती. बँकेच्या परीक्षेची तयारी करते, पण तारा-पेचकस दिसले की पुस्तक मिटून येते. यंत्र सुरू झालं, पडद्यावर अक्षरांचा पूर वाहू लागला आणि तिनं विचारलं, "काका, हे एवढं काय बोलतंय?"

"हजेरी घेतंय," मी म्हटलं. "शाळेत बाई घ्यायच्या ना, तशी."

आणि ते खरंच तसंच असतं. यंत्र सुरू होताना आतल्या मार्गावरच्या प्रत्येक खाचेला विचारलं जातं, कोण आहेस? तिथे बसलेला भाग दोन आकडे सांगतो. एक बनवणाऱ्याचा, एक वस्तूचा. इंटेलच्या बहुतेक सगळ्या भागांचा बनवणाऱ्याचा आकडा 8086 आहे. 1978 साली आलेल्या त्यांच्या 8086 या प्रोसेसरचाच तो आकडा. आपल्याकडे काही घरांतल्या स्कूटरला, मग मोटारीला, तोच लाडका नंबर असतो तसंच काहीसं. हे आकडे कळले की प्रणाली आपल्याकडच्या ड्रायव्हरांमध्ये शोधते, हा भाग चालवता येईल असा कोणी आहे का? असला तर त्याला नाव मिळतं. इंटेलच्या जुन्या गिगाबिट नेटवर्क कार्डांना ईएम, ब्रॉडकॉमच्या काही कार्डांना बीसीई, रियलटेकच्या कार्डांना आरई, आणि पुढे शून्यापासून क्रमांक.

अक्षरांचा हा पूर वाहून जातो, पण फ्रीबीएसडी त्याची प्रत ठेवते. डीमेसेज हा हुकूम दिला की ती पुन्हा वाचता येते. पीसीआयकॉन्फ हा दुसरा हुकूम, तो हजेरीपट दाखवतो. या पटात ज्याच्या नावाआधी 'नन' लिहिलेलं असतं, तो वर्गात हजर आहे, पण त्याला शिकवणारा कोणी नाही. म्हणजे भाग दिसतोय, ड्रायव्हर नाही. पटात ओळच नसेल, तर तो भाग वर्गातच आलेला नाही. या दोन दुखण्यांचं औषध वेगवेगळं असतं. पहिल्यासाठी दुसरी आवृत्ती नाहीतर दुसरं कार्ड शोधायचं, दुसऱ्यासाठी पेचकस हातात घ्यायचा. माणसं तासन्तास ड्रायव्हर शोधत बसतात आणि कार्ड खाचेत अर्धवट बसलेलं असतं, हे मी पुष्कळदा पाहिलंय.

आमच्याकडे हेच होतं. सर्व्हरच्या पाठीमागे नेटवर्कच्या चार खाचा होत्या, दोन मूळच्या आणि दोन नंतर बसवलेल्या कार्डावरच्या. पटात दोनच. तिसरीचं नाव नाही, चौथीचं नाही, 'नन'सुद्धा नाही. आणि आम्हाला तीन तरी हव्याच होत्या, एक बाहेरच्या इंटरनेटला, एक कार्यालयाला, एक अभ्यासिकेला.

झाकण उघडायचं तर आधी वीज बंद. सर्व्हरला बहुधा विजेच्या दोन दोऱ्या असतात, एक गेली तरी दुसऱ्यावर चालावं म्हणून. एकच काढून आत हात घालू नये. दोन्ही काढल्या, धातूच्या सांगाड्याला हात लावून अंगातली स्थिर वीज सोडून दिली आणि कार्ड बाहेर काढलं. कडेच्या सोनेरी पट्ट्यांवर धुळीचा आणि ओशटपणाचा थर होता. मुलीनं कंपासपेटीतला पांढरा खोडरबर दिला. हलक्या हातानं पुसलं, चुरा बाहेरच झटकला आणि कार्ड पुन्हा दाबून बसवलं. या वेळी पटात चार नावं आली.

मुलीनं टाळीच वाजवली. ट्रस्टचे कार्यवाह दारात उभे होते. ते म्हणाले, "झालं तर मग! आता तारा लावून टाका."

खरी गोम इथेच होती. आधी दोनच खाचा दिसत होत्या तेव्हा मूळच्या दोन्हींची नावं होती ईएम शून्य आणि ईएम एक. कार्ड हजर झालं ते हजेरीच्या क्रमात त्यांच्या आधी. त्यामुळे ईएम शून्य आणि ईएम एक ही नावं कार्डानं घेतली आणि मूळच्या खाचा झाल्या ईएम दोन आणि ईएम तीन. पत्र्यावर छापलेले 1 आणि 2 मात्र होते तिथेच. म्हणजे पाठीवर 1 लिहिलेली खाच आता यंत्राच्या लेखी तिसरी होती.

नेमलेलं नाव गायब झालं, तर या प्रणाली सुरू होताना थांबतात आणि विचारतात. पण नाव आहे, फक्त ते दुसऱ्याच खाचेला गेलंय, अशा वेळी त्यांना काही वावगं दिसत नाही. समजा, अशा गोंधळात कार्यालयाची आणि अभ्यासिकेची तार एकमेकींच्या जागी गेली. काय होईल? काहीच नाही! दोन्हीकडे नेट चालेल. कार्यालयातला प्रिंटर छापेल, मुलांचे व्हिडिओ दिसतील. फक्त नियम उलटे लागलेले असतील. 'अभ्यासिकेतल्यांनी कार्यालयात डोकावायचं नाही' हा नियम कार्यालयालाच लागेल आणि अभ्यासिकेतला कुठलाही फोन आधार कार्डांच्या त्या संगणकापर्यंत पोचू शकेल. तक्रार कोणीच करणार नाही, कारण कोणाचंच काही अडलेलं नाही.

मी कार्यवाहांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी खुर्ची ओढली आणि बसले. त्या कागदांवर त्यांच्या स्वतःच्या नातीचंही आधार कार्ड होतं.

मग आम्ही एकेक खाच हातानं तपासली. मुलगी सर्व्हरच्या पाठीमागे, मी पडद्यापुढे. ती एका खाचेत तार लावायची, मी आयएफकॉन्फिग हा हुकूम देऊन कुठल्या नावापुढे 'अ‍ॅक्टिव्ह' आलं ते बघायचो. तार काढली की त्याच नावापुढे 'नो कॅरियर' यायला हवं. दोन्ही दिसलं तरच खाच आणि नाव यांची जोडी पक्की. शिवाय प्रत्येक खाचेला 48 बिटांचा स्वतःचा मॅक पत्ता असतो. ईएमचे क्रमांक हलले तरी तो खाचेबरोबरच राहतो. तो तिनं मोठ्यानं वाचून घेतला आणि पांढऱ्या चिकटपट्टीवर लिहून खाचेशेजारी लावला. 'कार्यालय', 'अभ्यासिका', 'बाहेर', मराठीतच. साफसफाई करणाऱ्या मावशींनाही वाचता यायला हवं.

याच तपासणीत एका खाचेचा वेग 1000 ऐवजी 100 दिसला. कार्ड बदललं नाही, तार बदलली आणि 1000 आला. नेटवर्कच्या तारेत आत आठ वायरींच्या चार जोड्या असतात. गिगाबिट वेगाला चारही लागतात, शंभराच्या वेगाला दोनच पुरतात. एखादी जोडी तुटली तर यंत्र गुपचूप खालच्या वेगावर उतरतं.

मेमरीचं वेगळंच होतं. झाकणाच्या आतल्या चिठ्ठीवर 8 जीबी लिहिलेलं, यंत्र सांगत होतं 6. या पिढीतल्या सर्व्हरांमध्ये मेमरीच्या पट्ट्या जोडीनं बसतात. एक बिघडली की तिची जोडीदारीणही बाजूला पडते. चौदा संगणकांच्या फायरवॉलला 6 जीबी भरपूर झाली, पण आजारी पट्टी आत ठेवायला माझं मन घेईना. ती जोडी काढली आणि उरलेल्यांवर रात्रभर मेमटेस्ट चालवली. सकाळी चुका शून्य होत्या.

डिस्कच्या बाबतीत तर हजेरीपट सरळ फसवतो. प्रणालीला एकच डिस्क दिसत होती, ठणठणीत. प्रत्यक्षात पुढच्या कप्प्यात दोन होत्या, एकमेकींच्या आरशासारख्या, आणि मधला रेड कंट्रोलर त्या दोघींना एक करून दाखवत होता. त्यातल्या एकीवर नारिंगी दिवा जळत होता. म्हणजे ती गेलेली. कंट्रोलरच्या दृष्टीनं काम चालू होतं, म्हणून त्यानं वर एकच ठीकठाक डिस्क कळवली. दिवे बघायला माणूस वाकावाच लागतो. फायरवॉलला डिस्क फारशी लागत नाही, म्हणून एकीवर भागवायचं ठरवलं. पण सगळ्या नियमांची प्रत काढून ती पेनड्राइव्हवर कार्यवाहांच्या कपाटात ठेवली.

घड्याळ कित्येक वर्षं मागे होतं. मदरबोर्डवरची सीआर 2032 ही नाण्याएवढी बॅटरी संपलेली. कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते, किंमत चहा-नाश्त्याएवढी. पण ती नसली तर वेळ चुकते, सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रं 'अजून लागू झालेली नाहीत' अशी वाटतात, अद्ययावत करणं अडतं आणि नोंदींवर भलत्याच तारखा पडतात. सर्ट-इननं एप्रिल 2022 मध्ये कंपन्या, डेटा सेंटर आणि सरकारी कार्यालयांना नोंदी 180 दिवस जपायचे आणि घड्याळं एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायचे निर्देश दिले, ते उगाच नाही. कधी घडलं हेच माहीत नसेल, तर नोंद असून काय उपयोग?

राहता राहिली वीज. मीटर लावून पाहिलं तर यंत्र सुमारे 210 वॅट खात होतं. दिवसरात्र चाललं तर महिन्याला दीडशे युनिट, आणि युनिटला आठ रुपये धरले तर बाराशे रुपये. हे मला पटत नाही. तीन-चार खाचांचं, पंख्याशिवाय चालणारं छोटं यंत्र याच्या दहाव्या भागात हेच काम करतं, आणि ट्रस्टनं त्यासाठी पैसे साठवायला सुरुवात करावी, असं मी कार्यवाहांना स्पष्ट सांगितलं. त्यांनी वहीत लिहून घेतलं. तोपर्यंत रात्री दहाला अभ्यासिका बंद होताना सर्व्हर बंद करायचा आणि सकाळी सातला चालू करायचा असं ठरलं.

रोज चालू करायचा म्हणजे रोज हजेरी. मुलीनं एका कागदावर पाच ओळी लिहिल्या: चार नावं आणि त्यांचे मॅक पत्ते, तिन्ही तारांचा वेग, मेमरी, दिव्यांचे रंग, तारीख-वेळ. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सर्व्हरच्या बाजूला टांगला. सकाळी जो पहिला येईल त्यानं पडद्याशी ताडून पाहायचं आणि सही करायची. पहिल्या आठवड्यात सातही सह्या तिच्याच होत्या. दुसऱ्या आठवड्यात एक सही कार्यवाहांची दिसली, आणि तिच्याखाली बारीक अक्षरात लिहिलेलं, "नारिंगी दिवा अजून आहे. दुसरी डिस्क कुठे मिळेल?"